काहीही करायचं नाही

स्टेडियमला नवा रंग लागलाय.
आमच्या सांता उर्सुलाच्या गल्ल्यांतले
ज्यांना आम्ही नावं ठेवली होती ते खड्डेसुद्धा बुजवलेत.
विश्वचषक आहे, पाहुणे येणार,
घर आवरायलाच हवं.

आणि बुधवारी अकराला
शहरातले सगळे फोन एकदम ओरडणार,
भूकंपाचा इशारा पोचतो का ते बघायला.
पत्रकात लिहिलंय : ही फक्त चाचणी आहे.
आपल्याला काहीही करायचं नाही.

मी बाजारात, कोंबडीवाल्या नेमेसिओच्या शेजारी,
हात पसरले तर भिंतींना लागतील एवढ्या टपरीत
फोन दुरुस्त करते.

सोमवारी एक बाई आली.
फोनच्या भोकांत मक्याचं पीठ बसलेलं.
"सायलेंटवर ठेवलाय," म्हणाली, "तेवढ्यानं भागेल ना?"

नाही भागणार.
तो आवाज कुणाची परवानगी घेत नाही.
पिठाच्या डब्यातून येईल, उशीच्या अभ्र्यातून येईल,
घरात कुणाला माहीत नसलेला फोन
घरभर सांगत सुटेल की मी इथे आहे.

दुसरा फोन कशाला, मी विचारलं नाही.
बटण दाखवलं. काच काळी होईपर्यंत दाबून धरायचं.
तिनं तीनदा करून पाहिलं,
पहिलीतली पोर अक्षर गिरवते तसं.

मंगळवारी सहा जणी आल्या.
एकीचा फोन मांजराच्या वाळूच्या पिशवीत राहतो.
एकीचा, नवऱ्याच्या फुटबॉलच्या मोज्यात :
"तिथं तो हात घालत नाही. धुणं माझ्याकडे."
हसली. मीही हसले.
नेमेसिओची सुरी क्षणभर थांबली,
मग पुन्हा चालू झाली.

शटर ओढताना देल्फीना आली, रिकाम्या हातांनी.
"स्टेडियमचे कठडे रंगवायचं त्याचं काम संपलं,
आता दिवसभर घरीच असतो.
बंद करायला फोन हाताशी तर यायला हवा."
मी काहीतरी बोलले. काय, ते आता आठवत नाही.
उपयोगाचं नसणार.

बुधवार, अकरा.
बाजार एका घशातून किंचाळला.
चाचणी आहे हे डोक्याला ठाऊक होतं, पायांना नव्हतं;
म्हाताऱ्या रेफुहियोनं टोमॅटोची पाटी तिथंच टाकली
आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली,
वर, तारांकडे बघत.
माझ्या फळीवरचे दुरुस्तीचे अकरा फोनही ओरडले,
त्यांत एक असा, ज्याचा स्पीकर मेलाय
म्हणून मी गिऱ्हाइकाला नवीन विकला होता.

मग हशा. एक पोरगा तोंडानं तोच आवाज काढत पळाला,
त्याला कुणीतरी चापट दिली.
रेडिओ म्हणाला, चाचणी यशस्वी.
मी मनात सात काळ्या काचा मोजल्या.
आठवीपाशी अडले.

गुरुवारी ती आली नाही.

शुक्रवारी एक माणूस आला.
नखांत निळा रंग वाळलेला.
फोन फळीवर ठेवला. मागच्या बाजूला मेणाचे थेंब,
देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे ठेवलेल्या वस्तूला लागतात तसे.
"लॉक काढ. आत काय आहे ते बघायचंय."

मी उलटा केला, सुलटा केला,
भिंग डोळ्याला लावलं.
"बोर्ड जळलाय. आतलं काही हाती लागणार नाही.
पण ठेवून जा. मंगळवारी या."
खोटं मला सफाईनं बोलता येतं,
स्पीकरवाल्या गिऱ्हाइकाला विचारा.

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग गेला.
पावती न घेता.

हात थरथरत होते, म्हणून फोन ड्रॉवरमध्ये टाकायला
दोनदा प्रयत्न करावा लागला.
"नेमेसिओ," मी म्हटलं,
"देल्फीना कुठे राहते, ठाऊक आहे?"

कशाला, हे त्यानं विचारलं नाही.
सुरी पुसली, फळीवर ठेवली,
आणि एप्रनची गाठ सोडायला लागला.